काटकोनाचा उजवा डोळा

कारखान्यातली माणसं पाठीमागे त्याला काटकोन म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण म्हटलं असतं तरी त्याला वाईट वाटलं नसतं. दारं-खिडक्यांच्या चौकटी करणाऱ्या माणसाला याहून मोठी पदवी कोण देणार? चालायला ताठ, बोलायला ताठ, आणि जेवायला बसला तरी पाण्याचा पेला ताटापासून ठरलेल्या अंतरावरच हवा. असली माणसं घरच्यांना किती जड जातात ते घरच्यांनाच विचारावं. बायकोला विचारायची सोय राहिली नव्हती, ती केव्हाच सुटली होती. मागे राहिली मुलगी. बापाचा शब्द हा शेवटचा शब्द, हे तिनं लहानपणीच कबूल करून टाकलं होतं. वाद घालून काही निघत नाही आणि दूध मात्र उतू जातं, असा तिचा अनुभव होता.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. मागच्या भिंतीला लाकडाचे थर, पुढे कामाची टेबलं, एका कोपऱ्यात यंत्राची करवत आणि सगळीकडे सरसाचा वास. खिडक्यांच्या काचांवर भुसा इतका बसलेला की दुपारीही आत पिवळट उजेड यायचा. त्या उजेडात काटकोन फळी उचलायचा, तिचं एक टोक गालाशी आणायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजवा फळीच्या कडेला लावायचा. सगळेच सुतार असं बघतात. पण काटकोन बघायला लागला की रंधे थांबत. "बाक आहे," एवढंच तो म्हणायचा आणि फळी बाजूला टाकायचा. ज्याला पटत नसे तो पट्टी लावून बघायचा, आणि पट्टीखालून केसभर उजेड दिसायचाच. असं वर्षानुवर्षं चाललं. माणसाचं इतकी वर्षं बरोबर येत राहिलं की मग त्याला दुसरं काही ऐकू येईनासं होतं.

हा धंदा त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेला. अण्णा शेवटी शेवटी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसत आणि आलेल्या माणसाकडे मान तिरकी करून बघत. तुझा शर्ट दिसतो, तोंड दिसत नाही, असं म्हणत. घरच्यांनी वय झालं म्हणून सांगितलं आणि तो विषय तिथंच मिटला. त्यांना डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्याही मनात आलं नाही.

त्यांच्यामागे शेड दोघा भावांकडे आली. थोरला काटकोनाच्या अगदी उलट. कानावर पेन्सिल, ओठात सिगारेट, हात चालू आणि तोंडही चालू. एक सिगारेट विझायच्या आत दुसरी तिच्यावरच पेटवायचा. भुशाच्या ढिगाशेजारी हा उद्योग, म्हणून काटकोन दिवसातून दहादा त्याच्यावर ओरडायचा. थोरला म्हणायचा, "अरे, जळलंच तर तुझं तोंड तरी बंद होईल." माणसं हसायची. काम त्याचंही उत्तम होतं, पण हसत केलेलं काम काटकोनाला कधी पुरेसं चांगलं वाटलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर थोरल्याच्या हातून एका इमारतीच्या खिडक्या बिघडल्या. झडपा लागेनात. थोरल्यानं सरळ सांगितलं, की चूक लाकडाची नाही, पोरांचीही नाही. रेघ मधेच फुगलेली दिसते, दोन्ही डोळ्यांनी, तेव्हा माझ्यातच काहीतरी बिघडलंय. इतकं स्वच्छ सांगणाऱ्या माणसाला काटकोनानं सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. मग दवाखान्यातही तोच बरोबर गेला. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध बिघाड आहे, आता फार काही करता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. घराण्यात आणखी कुणाला होतं का, हे विचारलं. सिगारेट ओढता का, हेही विचारलं. आणि ओढत असाल तर आजच्या आज बंद करा, म्हणाले. बरोबर गेलेल्या काटकोनानं यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि घरी आणलं. सिगारेटनं डोळे खाल्ले, असं त्यानं शेडमध्ये सांगितलं, गल्लीत सांगितलं, नातेवाइकांत सांगितलं. ते अर्धं खरंच होतं, म्हणून तर कुणाला खोडून काढता आलं नाही.

थोरल्याचं टेबल त्यानं रिकामं केलं आणि त्यावर प्लायवूड रचलं. आता तू घरी बसून आराम कर, दादा, असं म्हणाला. वरवर ती काळजी होती. आतून त्याला बरं वाटत होतं, हे त्याच्या तोंडावर इतकं उघड दिसायचं, की लाज त्याला नाही तर बघणाऱ्याला वाटायची. थोरल्याचा मुलगा मात्र शेडमध्येच राहिला. त्याचा हात बापासारखा चालायचा, आणि तो सिगारेट ओढत नव्हता.

काही दिवसांनी एका दुपारी वहिनी शेडमध्ये आली. ती कधी तिकडे फिरकत नसे. भुशातून साडी सावरत ती थेट काटकोनाच्या टेबलाशी आली.

"भावजी, डॉक्टर म्हणाले, हे नुसतं सिगारेटचं नाही. रक्तातूनही येतं. सख्ख्या भावांनी वरचेवर डोळे तपासून घ्यावेत म्हणाले. यांनीच पाठवलंय मला. तुम्ही एकदा जाऊन या."

काटकोनानं हातातला रंधा खाली ठेवला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "माझ्या तोंडात कधी सिगारेट बघितलीत तुम्ही?"

दोघंतिघं फिसकन हसली.  वहिनीनं मुलाकडे बघितलं, त्यानं मान खाली घातली, आणि ती आली तशी परत गेली. पुन्हा तिनं त्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

पुढची दहाएक वर्षं काटकोन निर्व्यसनीपणाचा चालता-बोलता फळा होऊन बसला. पहाटे फिरायला जायचा, गाजरं चावायचा, उन्हात टोपी घालायचा. कुणी शेडमागे जाऊन दोन झुरके मारून आला, की त्याला थोरल्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागे. केलं तसं भरलं, हे तिचं शेवटचं वाक्य. मुलीलाही त्यानं हेच ऐकवलं होतं: आपल्याला काही होणार नाही, आपण तसं काही केलेलंच नाही. थोरला चार गल्ल्या सोडून राहायचा. काटकोन त्याच्याकडे वर्षाकाठी एकदा जायचा, तेही उभ्या उभ्या.

मग एकदा नव्या मालातली पहिलीच फळी त्यानं गालाशी धरली, डावा डोळा मिटला, आणि ती मधे वाकलेली निघाली. दुसरीही वाकलेली. तिसरीही. पट्टी लावली तर खालून उजेड दिसेना. काटकोनानं पट्टीच उचलून डोळ्याला लावली, तर पट्टीही वाकडी! ती त्यानं कचऱ्यात फेकली आणि नवी आणली. नवीही वाकडी निघाली, तेव्हा दुकानात जाऊन त्या दुकानदाराची अशी काही हजेरी घेतली, की त्यानं कपाटातल्या सगळ्या पट्ट्या काढून समोर ठेवल्या. सगळ्या वाकड्या. हल्ली सरळ वस्तू कुणी बनवतच नाही, असा निष्कर्ष काढून काटकोन घरी आला. लाकूडवाल्यानं दोरी ताणून दाखवली, तर काटकोन दोरीतच ढिलाई आहे म्हणाला आणि त्यानं गाडी परत पाठवली.

यात एक गोम होती. दोन्ही डोळे उघडे असले की त्याला सगळं ठाकठीक दिसे, कारण डावा डोळा उजव्याचं उणं भरून काढत होता. रस्ता दिसे, माणसं दिसत, वर्तमानपत्र वाचता येई. मग डोळ्यावर संशय कसा येणार? रेघ वाकायची ती फक्त डावा मिटला की, आणि डावा तो मिटायचा फक्त लाकूड बघताना. म्हणजे खोट लाकडातच. इतर कुणाही माणसाला हा गोंधळ असा जमला नसता. त्याला सुतारच हवा, आणि तोही स्वतःवर असा लट्टू असलेला.

लाकूडवाल्यानंतर पाळी आली पुतण्याची. पुतण्या चौकट सरळ करायचा आणि काटकोन जेवणाच्या सुट्टीत तीच चौकट उचलून, जिथं फुगल्यासारखी दिसे तिथं रंधा मारून 'नीट' करायचा. सरळ लाकूड तो आपल्या हातानं खोलगट करत होता. मग दारं लागेनात, फटीतून वारा यायला लागला, गिऱ्हाइकं दारात येऊन बोलायला लागली. काटकोनानं खापर पुतण्याच्या डोक्यावर फोडलं. रोज फोडलं. पुतण्या बरेच दिवस गप्प राहिला, कारण काका सुट्टीत काय करतो ते त्यानं बघितलं होतं आणि कसं बोलावं ते त्याला कळत नव्हतं. शेवटी एक दिवस सगळे घरी गेल्यावर तो मागे थांबला.

"काका, लाकूड सरळ आहे," तो म्हणाला. "बाबांचं असंच सुरू झालं होतं. तुम्ही नुसत्या उजव्या डोळ्यानं त्या दाराकडे बघा, मग नुसत्या डाव्यानं बघा. उद्या सकाळी मी येतो बरोबर, डोळा दाखवून येऊ. लवकर गेलं तर वाचतो म्हणतात. हल्ली डोळ्यात इंजेक्शन देतात."

काटकोनानं दाराकडे बघितलं नाही. त्यानं पुतण्याकडे बघितलं.

"बापानं डोळे घालवले आणि तू अक्कल," तो म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस."

पुतण्यानं आपल्या पटाश्या फडक्यात गुंडाळल्या. त्या दिवशी तो इतकं तरी म्हणू शकला असता, की आईनं तुम्हाला सांगितलं होतं. तो काही बोलला नाही. त्याचं चुकलंच. पण असल्या काकापुढे बरोबर वागून तरी कुणाचं काय भलं झालं होतं?

त्यानंतर काटकोनानं पाचसहा महिने शेड एकट्याच्या हिमतीवर रेटली, आणि एवढ्या काळात चांगलं नाव असलेला धंदा किती झपाट्यानं मातीत घालता येतो ते करून दाखवलं. मग एका सकाळी करवतीवरून उडालेला भुसा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा चोळत, मिटत तो घरी आला. मुलीनं दार उघडलं. समोर खांदे होते, पदर होता, केस होते, आणि तोंडाच्या जागी बोट फिरवून पुसल्यासारखा राखाडी डाग होता. तो म्हणाला, दिवा का लावला नाहीस? मुलगी म्हणाली, बाबा, सकाळचे दहा वाजलेत.

डॉक्टर तरुण होती आणि तिला घाई नव्हती, हे दोन्ही काटकोनाला आवडलं नाही. तिनं पडद्याचे फोटो काढले, ते टेबलावर फिरवून त्याच्यासमोर ठेवले आणि विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का?

"भावाला, दहा वर्षांपूर्वी. पण त्याचं सिगारेटनं झालं."

"आणि वडिलांना?"

"त्यांचं वय झालं होतं."

तिनं फोटोतल्या डागावर बोट ठेवलं. मग साध्या शब्दांत सांगायला लागली. हे वयाबरोबर येतं, पण सगळ्यांना येत नाही. काही घराण्यांत ते रक्तातून चालत येतं. अशा घरातला माणूस सिगारेट ओढणारा असला, तर ते लवकर येतं आणि जोरात येतं. नाही ओढली, नीट खाल्लं-प्यालं, तर उशिरा येतं, कधी येतही नाही. एकट्या रक्ताला किंवा एकट्या सिगारेटला दोष देऊन भागत नाही. उजव्या डोळ्यात पडद्याखाली रक्त झिरपून आता व्रण धरला आहे. सुरुवातीला आला असतात तर इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं. "रेघा वाकड्या दिसायला लागून किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

मुलीनं बापाकडे बघितलं. बाप भिंतीकडे बघत होता.

"मी कधी सिगारेट ओढली नाही," तो म्हणाला.

"म्हणूनच कदाचित तुम्हाला भावापेक्षा दहा वर्षं जास्त मिळाली," डॉक्टर म्हणाली. ती हे चांगल्या मनानं म्हणाली होती. काटकोनाला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. आयुष्यभर सोवळं राहून मिळालं काय, तर उशीर!

पुढचं तिनं दोनदा सांगितलं, एकदा त्याला आणि एकदा मुलीला. डाव्या डोळ्यातही सुरुवातीच्या खुणा आहेत. तो अजून चांगला आहे, पण आता तेवढाच आहे. रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्यानं एखाद्या सरळ रेघेकडे बघायचं, दाराची चौकट, खिडकीचा गज, काहीही. जराशी जरी वाकली, तर त्याच दिवशी इथं यायचं. त्या दिवशी आलात तर वाचवू. थांबलात तर उजव्याचं झालं तेच. जाता जाता तिनं मुलीला विचारलं, तुमचं वय काय? चाळिशी उलटली की तुम्हीही वरचेवर दाखवून जात जा. मुलगी हो म्हणाली. काटकोनानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तो खोलीतून बाहेर पडला तो शत्रू शोधत. भुशानं झालं असेल का, पॉलिशच्या वासानं असेल का, उन्हानं असेल का, हे त्यानं डॉक्टरला आधीच विचारून घेतलं होतं, आणि तिनं एकही नाव त्याच्या पदरात टाकलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्याचं त्यालाच सापडलं. दादाचा धूर! वीस-बावीस वर्षं एका छपराखाली तो धूर आपण नाकातोंडात घेतला. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली आणि सकाळी मुलीला घेऊन थोरल्याच्या घरी गेला.

थोरला खिडकीपाशी बसून हाताला लागेल तशी लाकडाची चमची तासत होता. समोरचं दिसत नसलं, तरी कडेचं थोडंफार दिसे. त्यानं अण्णांसारखी मान तिरकी केली आणि भावाला चपलांच्या आवाजावरून ओळखलं. वहिनी आतून पाणी घेऊन आली आणि पेला ठेवून गेली. काटकोन बसला नाही.

"तुझ्या धुरानं माझा डोळा गेला, दादा."

थोरल्याचा चाकू थांबला. उजवा की डावा, असं त्यानं विचारलं. उजवा, असं मुलीनं सांगितलं. मग तो बराच वेळ बोटांनी चमचीची कड चाचपत राहिला. आता तो भडकेल, म्हणून मुलगी दाराकडे सरकली होती. पण थोरल्याचा राग केव्हाच वापरून संपला होता. उरलं होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं.

"माझे सिगारेटनं गेले, हे तूच गावभर सांगितलंस," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं नाही. तुझाही माझ्या धुरानं गेला असेल, बाबा. पण अण्णांचे कुणाच्या धुरानं गेले? ते मरेपर्यंत सिगारेटला शिवले नाहीत, आणि मी ओढायला लागलो ते त्यांच्यानंतर. अण्णांना आपण कुणीच कधी विचारलं नाही. तुला मात्र दोनदा सांगितलं. एकदा हिला पाठवली, एकदा पोरानं सांगितलं. दोघांना तू हाकललंस. म्हणून विचारतो, तिसऱ्यांदा कुणी सांगायला यायचं?"

 काटकोनाला चुकलो एवढा एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो म्हणजे खिडकीपर्यंतच्या दोन पावलांचं काम होतं. तो वळला आणि जिना उतरून गेला. मुलगी मागे थांबून काकाच्या पाया पडली. काका तिला म्हणाला, त्याचा डावा जप, तो स्वतः जपणार नाही.

तिनं जपला. रोज सकाळी ती बापाला स्वयंपाकघराच्या दारासमोर उभा करी. ती चौकट त्यानं तिच्या जन्माच्या वर्षी स्वतः केलेली, घरातलं सर्वांत सरळ लाकूड. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायचा, डाव्यानं चौकटीची उभी कड वरपासून खालपर्यंत बघायची. मग ती विचारायची, कशी आहे? सरळ, तो म्हणायचा. मग चहा. शेड बंद झाली होती, यंत्राची करवत विकली गेली होती, पण डाव्या डोळ्यानं तो वर्तमानपत्र वाचत होता, मुलीचं तोंड बघत होता, एकटा रस्ता ओलांडत होता. एवढंच काय ते राहिलं होतं, आणि ते थोडं नव्हतं.

आणि एका सकाळी, कडेवरून नजर खाली आणताना, मध्यावर, कडी आहे त्याच्या जरा वर, रेघ बाहेरच्या बाजूला सरकली. अगदी थोडी. त्यानं डोळा मिटून उघडला. रेघ तशीच. आपल्या हातची चौकट ती. तिच्यात बाक नाही, हे जगात कुणाला माहीत असेल तर त्याला. लाकूडवाला नव्हता, पुतण्या नव्हता, पट्टी नव्हती, धूरही नव्हता. बोट दाखवायला आता कुणीच शिल्लक नव्हतं.

तोंड उघडून सांगायचं होतं ते इतकंच, की रेघ वाकडी दिसते आणि बिघाड माझ्यात आहे. थोरल्यानं ते भरल्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रिक्षा दारातच मिळाली असती. दुपारच्या आत इंजेक्शन झालं असतं.

"कशी आहे, बाबा?" मुलीनं विचारलं.

त्यानं उजव्या डोळ्यावरचा तळहात खाली घेतला.

"सरळ आहे," तो म्हणाला.

बापाच्या नजरेवर तिचा जन्मापासून विश्वास होता. बरं झालं, असं म्हणून तिनं चहाचं आधण ठेवलं.